ट्रंकेतले दहा शेअर आणि चार वारस

परभणीत बँकेच्या काउंटरमागे माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर या पानावर वाचकांच्या पैशाअडक्याच्या प्रश्नांना उत्तरं देते. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच शेअर विकण्याबद्दल आहेत. थोडे शेअर, घरची अडचण आणि कोणाला विचारावं ते कळत नाही, असाच सगळ्यांचा सूर आहे. त्यातली तीन पत्रं निवडली. सेलूच्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तसे कागद आपल्याकडे अजून कितीतरी घरांत पडून आहेत.

प्रश्न : माझ्या डिमॅट खात्यात एका कंपनीचे पंधरा शेअर आहेत. पुतण्याने तीन वर्षांपूर्वी खातं काढून दिलं, आयपीओचा (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीचा) अर्जही त्यानेच भरला. खात्याला मोबाइल नंबरही त्याचाच आहे. तो आता पुण्यात नोकरीला आहे. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी शेअर विकायचेत. शेजारचे म्हणतात, एवढे थोडे कोणी घेत नाही, शंभराचा लॉट लागतो. खरं आहे का?
*— एक वाचक, अंबाजोगाई*

ताई, लॉटची गोष्ट कागदी शेअरच्या काळातली. तेव्हा पन्नास किंवा शंभराचा लॉट असे, त्याहून कमी असले तर भाव पाडून मागत. डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर नोंदवलेल्या खात्यात, एक शेअरसुद्धा विकता येतो आणि पंधरा शेअरना तोच भाव मिळतो जो पंधरा हजारांना चालू असतो. तुम्ही निर्धास्त राहा.

माझं लक्ष तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळीवर गेलं. खात्याला मोबाइल नंबर पुतण्याचा आहे, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आधी तो बदला. पुतण्या चांगलाच असेल, पण खातं तुमचं आहे. विकताना सहसा डिपॉझिटरीचा, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा, टीपिन (गुप्त पिन) आणि ओटीपी लागतो, तो पुण्याच्या फोनवर जाईल आणि तुम्ही अंबाजोगाईत वाट पाहत बसाल. शेअर गेले, आले, कोणी हात लावला, याचा संदेशही त्याच नंबरवर जातो. नंबर आणि ईमेल बदलण्याचा अर्ज ब्रोकरकडे असतो. मुलीला शेजारी बसवा आणि तिच्या मदतीने भरा. तिलाही हे यायला हवं.

मग विक्री. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. आपण मोंढ्यात सोयाबीन नेतो तेव्हा आडत्याला सांगून ठेवतो ना, की इतक्याच्या खाली सौदा करू नका? तसंच इथे 'लिमिट' निवडून भाव टाकायचा. 'मार्केट' निवडलं तर त्या क्षणी जो भाव असेल त्याला माल जातो. मोठ्या, रोज भरपूर उलाढाल होणाऱ्या कंपनीत फारसा फरक पडत नाही, पण लहान कंपनी असेल तर लिमिटच टाका. दिवसभरात तो भाव आला नाही तर ऑर्डर बाजार बंद झाल्यावर आपोआप रद्द होते, शेअर जागेवर राहतात.

पंधराही शेअर विकायचे असतील तर एकाच दिवशी विका. डिपॉझिटरीचं शुल्क कंपनीमागे, दिवसामागे लागतं, शेअरच्या संख्येवर नाही. आज पाच, उद्या पाच केलंत तर तेच शुल्क पुन्हा पुन्हा भराल. सरकारचा व्यवहार कर ०.१ टक्का, म्हणजे दहा हजारांच्या विक्रीला दहा रुपये. बाकी दलाली वगैरे. हे सगळं हमाली-तोलाईसारखं ब्रोकरच्या हिशेबपत्रात, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये, ओळीने मांडलेलं असतं. आडत्याची पट्टी जपता तशी ती नोट जपा.

२७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरचा हिशेब विक्रीच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होतो. तरी एक सांगते, कारण यावर मला खूप फोन येतात. पैसे ब्रोकरकडच्या तुमच्या खात्यात जमा होतात. तिथून बँकेत आणायला 'विथड्रॉ'ची विनंती आपणच टाकायची असते. फीची तारीख सोमवारची असेल तर आधीच्या मंगळवारी-बुधवारी विका, शुक्रवारवर ठेवू नका.

प्रश्न : वडील वाळूजला नोकरीत होते. दीड वर्षापूर्वी वारले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत बजाज ऑटोच्या दहा शेअरचं १९९९ सालचं प्रमाणपत्र सापडलं. पूर्वी डिव्हिडंडची (लाभांशाची) पाकिटं यायची. २००६ मध्ये आम्ही सेलूला राहायला आलो, तेव्हापासून काही आलं नाही. नॉमिनी लावलेला नाही. घरी आई, मी आणि लग्न झालेल्या दोन बहिणी. गावातला एक जण म्हणतो, कागद जुना झाला, आता किंमत नाही, तरी पाच हजार देतो. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. देऊन टाकू का?
*— एक वाचक, सेलू*

भाऊ, देऊ नका. त्याला झेरॉक्सही देऊ नका. प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, लॅमिनेशन करू नका आणि मग हे पुढचं शांतपणे वाचा.

तुमच्या हातात एका कंपनीचा कागद आहे, पण हक्क तीन कंपन्यांवर आहे. २००८ मध्ये जुन्या बजाज ऑटोची विभागणी झाली. जुन्या कंपनीचं नाव बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झालं. गाड्या बनवण्याचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला, विमा आणि कर्जाचा बजाज फिनसर्वकडे. जुन्या प्रत्येक शेअरमागे या दोन नव्या कंपन्यांचा एकेक शेअर मिळाला. पुढे २०१० मध्ये नव्या बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला, म्हणजे जवळच्या प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट. सप्टेंबर २०२२ मध्ये फिनसर्वने पाच रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे पाच केले आणि त्यावर एकास एक बोनसही दिला. आता बोटांवर मोजा. होल्डिंग्जचे १०, ऑटोचे २०, फिनसर्वचे १००. आजचे भाव वर्तमानपत्रात किंवा मुलाच्या फोनवर पाहा आणि गुणाकार तुमच्या हातांनी करा. पाच हजारांचा सौदा काय होता ते त्या बेरजेतच दिसेल.

नव्या शेअरचे कागद तुमच्या घरी आले नाहीत कारण ते वाळूजच्या जुन्या पत्त्यावर गेले असणार. पण पाकीट परत गेलं म्हणून मालकी जात नाही.

मला हे इतकं पोटतिडकीने का सांगावंसं वाटतं, तेही लिहिते. माझे सासरे मानवतजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. पगारातून चिमूट चिमूट बाजूला काढून त्यांनी तीन कंपन्यांचे शेअर घेतले होते. १९९६ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पैसे हवेत म्हणून एका माणसाला बोलावलं. त्याने तीन कोऱ्या ट्रान्सफर डीडवर, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्मवर, त्यांच्या सह्या घेतल्या, प्रमाणपत्रं घेतली, दोन हजार उचल दिली आणि बाकीचे आठवड्यात आणतो म्हणाला. तो परत आला नाही. मी तेव्हा बँकेत होते, रोज लोकांच्या सह्या तपासत होते, आणि घरात हे घडलं तेव्हा माझ्या कानावरही आलं नाही. सासऱ्यांनी लाजेने सांगितलंच नाही. डोळ्याला पट्टी असताना ते खाटेवर बसून "त्याचा पत्ता शोधा" म्हणायचे, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून, कोऱ्या फॉर्मवर सही नको. आईची नको, तुमची नको, बहिणींची नको.

आता काम. क्रम मोडू नका.

प्रमाणपत्रावर फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या वहीतला शेअरधारकाचा खाते क्रमांक, छापलेला असतो. कंपनीच्या वेबसाइटवर 'गुंतवणूकदार' भागात तिच्या रजिस्ट्रारचा पत्ता आणि ईमेल मिळतो. शेअरधारकांची वही रजिस्ट्रार सांभाळतो. त्याला साधं पत्र लिहा : अमुक फोलिओ, अमुक नाव, धारक वारले, त्यांच्या नावावर आज किती शेअर आहेत, किती डिव्हिडंड थकलाय, आणि शेअर आयईपीएफकडे गेलेत का? तीन कंपन्यांना तीन पत्रं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती प्रमाणपत्रासोबत ठेवा.

आयईपीएफ म्हणजे गुंतवणूकदारांसाठीचा केंद्र सरकारचा निधी. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी उचलला नाही तर कायद्याने शेअरच तिकडे वर्ग होतात. तुमच्याकडे २००६ पासून पाकीट आलेलं नाही, म्हणजे बहुतेक तिकडेच गेले असणार. घाबरू नका. तिथे ते जप्त होत नाहीत, वारसाला परत मागता येतात, त्यांवर मिळालेला बोनस आणि थकलेला डिव्हिडंडही मागता येतो. फक्त वाट लांब आहे.

पहिलं, वारसाचं नाव लागणं. याला ट्रान्समिशन म्हणतात. आयएसआर-५ हा अर्ज, मृत्यूचा दाखला, मूळ प्रमाणपत्र, वारसाचं पॅन, आयएसआर-१ मध्ये केवायसी आणि आयएसआर-२ मध्ये तुमच्या बँकेने केलेली सहीची खात्री. बँक मॅनेजर त्यावर सही-शिक्का द्यायला कुरकुर करतात, मला माहीत आहे. मी त्याच खुर्चीशेजारी बसले आहे. फोटो, पासबुक, आधार घेऊन स्वतः जा, गर्दी नसेल अशा वेळी जा, आणि त्यांच्यासमोर सही करा. काम होतं.

नॉमिनी नाही म्हणून दिवाणी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणावंच लागेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल. लहान रकमेला ते लागत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२ मध्ये कागदी शेअरसाठी ही सोपी वाट एका कंपनीमागे पाच लाखांपर्यंत खुली केली. शब्द नीट पाहा, एका कंपनीमागे. तुमच्या तिन्ही कंपन्यांची रक्कम वेगवेगळी धरली जाईल. त्या मर्यादेत असाल तर नोटरी केलेलं वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, आणि जे हक्क मागत नाहीत त्या वारसांचं ना-हरकत पत्र, एवढ्यावर भागतं.

इथे नावाचा घोळ निघेल. आपल्याकडे तो निघतोच. प्रमाणपत्रावर नावापुढे 'राव' आहे, मृत्यूच्या दाखल्यात नाही. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा, म्हणजे फाइल एका शब्दासाठी परत येणार नाही.

आणि ते ना-हरकत पत्र. भाऊ, तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, 'बहिणींच्या सह्या घेऊन टाकतो, त्यांना काय कळतं.' ते मी वर छापलं नाही, पण उत्तर देते. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले शेअर आहेत आणि मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याने आई, तुम्ही आणि दोघी बहिणी, चौघांचा सारखा हिस्सा. नॉमिनी लावलेला असता तरी तो मालक झाला नसता, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. शेतीच्या वेळी हक्कसोड करून बहिणींना मोकळ्या हाताने पाठवलं जातं, साडी-चोळी करून विषय मिटवला जातो, हे मी काउंटरवरून तीस वर्षं पाहिलंय. सही करताना बाईचा हात कापत नाही, पण ती वर बघत नाही. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. बहिणींना बोलवा, हा सगळा हिशेब त्यांच्यापुढे मांडा, मग त्या काय ते ठरवतील.

माझा सल्ला असा की तिघांनी ना-हरकत देऊन सगळे शेअर आधी आईच्या नावावर करावेत. एकच अर्जदार असला की आयईपीएफचं काम सुटसुटीत होतं. ऑपरेशनला लागतील तेवढे आईने विकावेत. उरलेले तिला मुलांना द्यायचे असतील तर ती डिमॅटच्या स्लिपवर बक्षीस म्हणून मुलांच्या खात्यांत टाकू शकते. आईकडून मुलामुलींना मिळालेल्या अशा बक्षिसावर आयकर नाही. समजा काहीच विकायची वेळ आली नाही, तर वाटणी बघा किती छान बसते : फिनसर्वचे पंचवीस-पंचवीस, ऑटोचे पाच-पाच, होल्डिंग्जचे दोन-दोन आणि वरचे दोन आईला.

नाव लावण्याची कागदपत्रं मान्य झाली की कंपनी 'एन्टायटलमेंट लेटर' देते, म्हणजे तुमचा हक्क मान्य असल्याचं पत्र. ते हातात आल्यावरच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर आयईपीएफ-५ हा अर्ज भरायचा. त्याला सरकारी शुल्क नाही. एका कंपनीसाठी आर्थिक वर्षात एकदाच अर्ज करता येतो, म्हणून शेअर आणि डिव्हिडंड दोन्ही एकाच अर्जात मागा. अर्जाची प्रत आणि मूळ कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाकडे, पाठवायचे. तो पडताळणी करून पुढे कळवतो, आणि शेअर थेट आईच्या डिमॅट खात्यात येतात.

डिमॅट खातं म्हणूनच आजच काढायला टाका. आईच्या एकटीच्या नावावर तेवढं एकच खातं असेल आणि शेअरची किंमत चार लाखांपर्यंत असेल तर 'बेसिक' खात्याला वार्षिक शुल्क शून्य आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून ही सवलत आहे. स्वतःहून मागा. आणि नॉमिनी लावा, चौथ्यांदा हीच पायपीट कोणाला नको.

एखाद्या कंपनीचे शेअर आयईपीएफकडे गेलेच नसतील तर काम कमी. तरी कागदावरून थेट विक्री होणार नाही. १ एप्रिल २०१९ पासून वारसा वगैरे मोजके अपवाद सोडले तर कागदी शेअर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होतच नाहीत. म्हणजे तो पाच हजार देणारा माणूस तुमचा कागद सरळ मार्गाने स्वतःच्या नावावर करूच शकत नाही. त्याला कागद नको आहे, सह्या हव्या आहेत.

कराचं थोडक्यात. वडिलांकडून आलेल्या शेअरला वडिलांचाच काळ मोजतात, त्यामुळे हा दीर्घ मुदतीचा नफा. २३ जुलै २०२४ पासून वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वर साडेबारा टक्के. जुन्या शेअरची किंमत १९९९ ची धरायची नाही. ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचा आधार मिळतो आणि नफा बराच कमी दिसतो. फिनसर्वला मात्र दोन गोष्टी पाहा. २०१८ चा भाव तुकडे पडण्याआधीचा आहे, त्याला पाचाने भागा. आणि २०२२ च्या बोनसमधून आलेल्या पन्नास शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते. थोडे ३१ मार्चच्या आधी आणि थोडे एप्रिलमध्ये विकले तर दोन वर्षांची सवलत मिळते. बहिणींना त्यांचा हिस्सा दिलात तर सव्वा लाखाची सवलतही प्रत्येकीला वेगळी मिळेल.

ऑपरेशनची तारीख या पैशावर ठरवू नका. माझ्या पाहण्यात अशा फायली वर्ष खातात. आत्ता सोय दुसरीकडून करा, आणि घाई आहे म्हणून निम्मा हिस्सा मागणाऱ्या कोणाच्या हाती फाइल देऊ नका. ठरलेली फी घेऊन अर्ज भरून देणारा सीए असेल तर हरकत नाही, पण प्रमाणपत्र आणि ओटीपी तुमच्याचकडे. पहिलं पत्र मराठीत लिहिलंत तरी मला पाठवा. मी पाहून, इंग्रजीत करून देईन.

प्रश्न : आजोबांच्या नावाचा सहकारी साखर कारखान्याचा शेअर आहे. ऊस आता लावत नाही. हा शेअर डिमॅट करून ब्रोकरकडे विकता येईल का?
*— एक वाचक, औसा*

नाही. हा शेअर बाजारातला नाही, तो सभासदत्वाचा कागद आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे तो संस्थेला, दुसऱ्या सभासदाला किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालाय अशालाच देता येतो, तेही किमान वर्षभर धारण केल्यावर. भाव चढ-उतार हा प्रकार त्यात नाही. आधी आजोबांच्या जागी वारस म्हणून कारखान्याच्या शेअर विभागात नाव लावून घ्या. त्यासोबत मतदानाचा हक्क आहे आणि बऱ्याच ठिकाणी सवलतीची साखरही. ऊस लावत नसाल तरी भावकीत कोणी ऊस लावणारं असेल आणि ते सभासद नसेल, तर त्याच्याशी आधी बोला. आणि कारखाना अजून सहकारीच आहे ना, तेवढं गेटवर नाही, कार्यालयात विचारा. तो कंपनीकडे गेला असेल तर प्रश्न वेगळा होतो. तसं असेल तर शेअरच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडून पुन्हा लिहा.